रामटेके काकांची पडताळणी

रामटेके काका गेल्या महिन्यात पुणे सोडून नागपूरला मुलीकडे राहायला गेले. आमच्या सोसायटीचा एक वार्षिक अंक निघतो. आठ पानांचा, त्यातली पाच पानं जाहिरातींची. त्यात काकांवर चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी विमा कंपनीत ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं लिहिते, तेव्हा मला लिहिता येतं असा आमच्या चेअरमनसाहेबांचा समज आहे. चार ओळी कशा हव्यात हेही त्यांनीच सांगितलं: सेवाभावी, शिस्तप्रिय, मनमिळाऊ, उणीव भासेल. मी पेन घेऊन बसले आणि पहिल्याच विशेषणापाशी अडले. दुसरं घेतलं, तर तेही अर्धंच खरं निघालं. या माणसाला मी चौदा वर्षं रोज पाहिलं, आणि तो चांगला होता का हे मला सांगता येईना. चार ओळी झाल्याच नाहीत. जे झालं ते हे असं लांबलं, आणि ते अंकात कोणी छापणार नाही.

काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. आळंदी रोडवरून विश्रांतवाडीत आत वळलं की आमची तीन मजली इमारत लागते. लिफ्ट नाही, बाग नाही, पार्किंगमध्ये सहा गाड्या कशाबशा मावतात. अशा इमारतीला सेक्रेटरी कशाला लागतो असं कोणालाही वाटेल, पण काकांनी त्या पदाला वजन आणलं होतं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळं लिहायला आणि लाल दुसऱ्याने लिहिलेलं दुरुस्त करायला. आम्ही भाड्याने राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरत होतं आणि हे गृहस्थ पडताळणीचा अर्ज घेऊन समोर उभे. माझा फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत फोटोकडे.

"फोटोत कान दिसून नाही राहिले, ताई."

मी शनिवार पेठेत वाढलेली. आमच्याकडे उत्तर आधी येतं आणि विचार मागून. "कान आहेत हो, केसांखाली ठेवलेत," मी म्हटलं.

"आहेत ते मी पाहून राहिलो. फोटोत पाहिजे," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मला खरोखरच केस मागे बांधून नवा फोटो काढून आणावा लागला.

कानांचं हे वेड त्यांना नोकरीतून लागलं होतं. खडकीच्या कारखान्यात ते तेहतीस वर्षं गेटवर पास तपासायला होते. माणूस दाढी वाढवतो, त्याचे दात पडतात, पिऊन चेहरा सुजतो, पण कान तेच राहतात, असा त्यांचा सिद्धांत. एकदा त्यांनी सख्ख्या साडूला गेटवरून परत पाठवलं, कारण पासाची मुदत आदल्या दिवशी संपली होती. साडू वर्षभर बोलला नाही. उलट ज्या फोरमनने त्यांच्याविरुद्ध खोटी तक्रार केली होती, त्याला ते रोज नमस्कार करून आत सोडायचे. त्याचा पास बरोबर होता ना, मग झालं. "माणूस पाहू नये, पास पाहावा. माणूस पाहाले गेलं की भानगड होते," हे त्यांचं आवडतं वाक्य. मला ते फार कोरडं वाटायचं. त्यामागचं कारण कळायला काही वर्षं गेली.

काका मूळचे भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. विशीत कारखान्यात लागले आणि पेठांमधून खोली शोधत फिरले. लोक आडनाव विचारायचे, मग गाव विचारायचे, आणि तेवढ्याने उलगडा झाला नाही तर घरात भिंतीवर कोणाचा फोटो लावता असं विचारायचे. काका खरं सांगायचे. मग खोलीला अचानक ओल असायची, किंवा मालकांचा भाचा राहायला यायचा असायचा. अशाच एका घरी म्हाताऱ्या मालकीणबाईंनी त्यांना अगदी अगत्याने चहा दिला, खोली द्यायची नाही असं गोड शब्दांत सांगितलं, आणि निघताना म्हणाल्या, कप राहू द्या तुमच्याकडेच. निळ्या फुलांचा कप होता. काका तो पिशवीत घालून, सायकलच्या हँडलला अडकवून खडकीपर्यंत घेऊन गेले आणि पुण्याची माणसं किती मनमोकळी म्हणून चार जणांना दाखवला. त्याचा अर्थ त्यांना गेटवरच्याच एका जुन्या कामगाराने नंतर समजावून सांगितला.

ही गोष्ट काकांनी मला हसत हसत सांगितली होती. "पुण्यातली माझी पयली भेटवस्तू," असं म्हणून. मी हसावं की नाही या विचारात असतानाच ते म्हणाले, "तुमची गल्ली नव्हती, ताई." मी विचारलं नव्हतं. ती आमची गल्ली होती की नव्हती हे मला आजही माहीत नाही, आणि पुढे कधी विचारायचा धीरही झाला नाही.

कारखान्याच्या गेटवर मात्र त्यांना कोणी आडनाव विचारलं नाही की फोटो विचारला नाही. नंबर विचारला. नंबर होता, पास होता, आत गेले. त्या दिवसापासून हा माणूस कागदाचा भक्त झाला, एवढं मला समजतं.

समजत नाही ते पुढचं. ज्याला या शहराने असा चहा पाजला, तो बाहेरून येणाऱ्यांच्या बाबतीत मऊ असेल अशी माझी भाबडी अपेक्षा. काका बरोबर उलटे. बिहारी, यूपीवाले, बंगाली, नेपाळी, सगळ्यांवर त्यांचा राग. नळाला पाणी कमी आलं की खडकवासल्याचं पाणी हे लोक संपवतात. रिक्षा मिळाली नाही तरी त्यांच्यामुळे. घरपोच सामान आणणाऱ्यांना ते फाटकाच्या आत पाऊल ठेवू द्यायचे नाहीत. आमच्या आजारी सासूबाईंची औषधं घेऊन आलेला माणूससुद्धा उन्हात बाहेर उभा राहिला. "पुण्यात आता पुणेकर राहूनच नाही राहिला," असं ते अस्सल भंडाऱ्याच्या मराठीत म्हणायचे आणि तिसऱ्या मजल्यावरची मंडळी त्यांच्यामागे त्या वाक्याची नक्कल करून हसायची.

एकदा न राहवून मी म्हटलं, काका, तुम्ही तरी कुठले? ते जराही चिडले नाहीत. मी पास घेऊन आलो, हे असेच आले, असं त्यांचं उत्तर. मी वाद घातला, आपल्याच देशात एका गावातून दुसऱ्या गावात जायला कसला आलाय पास.

"तुमाले नाही लागत," ते म्हणाले आणि पाण्याचा मीटर बघायला निघून गेले.

तळमजल्यावर पार्किंगच्या मागे एक खोली आहे. तिचे मालक वाकडला राहतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती शफीकुल नावाच्या फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला भाड्याने दिली. बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातला, तिशीचा, अबोल माणूस. बरोबर बायको साबिना आणि शाळेत जायच्या वयाची मुलगी. आता काका सोसायटी डोक्यावर घेणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. काकांनी फक्त फाइल मागितली. शफीकुलने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढला. आधार, मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला, लग्नाचा कागद, आजोबांच्या नावावरच्या जमिनीचा बंगालीत लिहिलेला उतारा. काकांनी पाऊण तास लावला. बंगाली येत नव्हतं, तरी प्रत्येक शिक्का उजेडात धरून बघितला. फोटोत दोन्ही कान होते. "पक्का माणूस आहे," त्यांनी मला जिन्यात सांगितलं. इतके कागद चेअरमनकडेही नसतील, असंही वर म्हणाले.

तिथून त्या दोघांचं जमलं. काकांनी बाथरूमची फरशी शफीकुलकडून नव्याने बसवून घेतली, तेव्हा पाणी मोरीकडे न जाता दाराकडे येतं अशी त्यांची तक्रार. त्यांनी काचेची गोटी ठेवून दाखवलं. शफीकुलने दोन ओळी उचकटल्या आणि परत बसवल्या. काकांनी परत गोटी ठेवली. तिसऱ्या खेपेला गोटी सरळ मोरीच्या जाळीवर जाऊन थांबली, आणि मी काकूंकडे वाटी द्यायला गेले होते तेव्हा ते दोघं शेजारी शेजारी उकिडवे बसून त्या गोटीकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.

विमलकाकूंची गोष्ट निराळी. भंडारा म्हणजे तळ्यांचा आणि भाताचा मुलूख. काकूंचा पिंड गोड्या पाण्यातल्या मासळीवर पोसलेला, आणि पुण्यात चाळीस वर्षं पोळ्या लाटण्यात गेली. साबिनाने एका रविवारी मोहरीच्या वाटणातला रोहू आणि भात वर पाठवला. काकूंनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मोहरीने असेल. पण त्यानंतर दर रविवारी एक डबा वर जायचा आणि तोच डबा भरून खाली यायचा. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्याचं काही अडलंही नाही. काका मन लावून काटे काढत खायचे. खाता खाता एकदा मला म्हणाले, बंगाली लोक लई वाढले पुण्यात, काहीतरी केलं पाहिजे. मी ताटाकडे बोट दाखवलं. शफीकुल कोण मग?

"शफीकुल मिस्त्री आहे," काका म्हणाले.

यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं. मला वाटायचं. पण मग मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही, ते आता येतंच आहे.

गेल्या वर्षी सगळीकडे बांगलादेशी शोधायची लाट आली. टीव्हीवर तेच, मोबाइलवर तेच. मजुरांच्या वस्त्यांमध्ये जाऊन पोलीस बंगाली बोलणाऱ्यांना उचलत होते, अशा बातम्या. आमचे चेअरमन भोसेकर अतिशय सभ्य गृहस्थ आहेत. कोणालाही अरे-तुरे करत नाहीत, कामवाल्या मावशींनाही अहो म्हणतात. त्यांनी तितक्याच सभ्यपणे एक अर्ज तयार केला आणि घरोघरी फिरवला. मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते. आपला कोणाशी वैयक्तिक आकस नाही, असं म्हणून त्यांनी कागद पुढे केला. मी वरचा विषय वाचला, 'सोसायटीच्या सुरक्षेबाबत'. सुरक्षा कोणाला नको असते? मी पिशवी गुडघ्यावर टेकवून सही केली. खाली 'तळमजल्यावरील संशयित परदेशी कुटुंब' असं लिहिलं होतं, ते मला नंतर कळलं. नंतर कळलं असं मी म्हणते. सही करताना डोळ्यांना ते शब्द दिसले नसतीलच, अशी शपथ मात्र मला घेता येणार नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. काका शफीकुलची फाइल छातीशी धरून आले. एकेक कागद वर करून दाखवला, मी स्वतः तपासलाय म्हणून सांगितलं, माझी सही घ्या म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. भोसेकरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, आपल्या सचोटीबद्दल प्रश्नच नाही. पण असे कागद हल्ली कुठेही बनवून मिळतात."

एखाद्याने भर सभेत देवळातली मूर्ती मातीची आहे असं सांगावं, तसा काकांचा चेहरा झाला. मग त्यांनी विचारलं, मग खरा पास कोणता? भोसेकर म्हणाले, पोलीस चौकीने तपासून शिक्का दिला तर आमचं काही म्हणणं नाही. ते नुसतं बोलायचं म्हणून बोलले होते. सभा संपवायची होती आणि बायका घरी इडल्या थंड होतायत म्हणून उठायला लागल्या होत्या. पण काकांच्या लेखी तो नियम झाला. नियम आहे म्हटल्यावर मार्ग आहे, असं त्यांचं आयुष्यभराचं गणित.

सोमवारी मी ऑफिसला निघाले तेव्हा काका इस्त्रीचा शर्ट घालून तळमजल्यावर उभे होते. शफीकुल दारात, साबिना त्याच्यामागे. शफीकुल खालच्या आवाजात म्हणत होता, "चाचा, रहने दीजिए. हम दूसरा कमरा देख लेंगे." मुलीची शाळा बुडेल इतकंच होईल, असं काहीतरी साबिनाही म्हणाली.

"ज्याचा पास खरा, त्यानं काहून पळावं?" काका म्हणाले. "माझ्यासंगं चाल. मी उभा राहतो."

मला ते फार उमदं वाटलं. बसमध्ये बसल्यावर मी नवऱ्याला फोन करून सांगितलंसुद्धा, की आपण काकांना उगाच नावं ठेवतो. एवढा जुना, एवढा हेकट माणूस, पण वेळ आल्यावर कसा उभा राहिला बघ.

दुपारी काका एकटे परत आले.

पडताळणीसाठी ठेवून घेतलंय, उद्या सोडतील, ते साबिनाला सांगत होते. दुसऱ्या दिवशी कळलं की शफीकुलला तिथून हलवून शहराबाहेरच्या कुठल्याशा हॉलमध्ये नेलंय, तिथे त्याच्यासारखे आणखी पुष्कळ आहेत, आणि मालद्याहून खात्री होऊन आल्याशिवाय काही होणार नाही. काका रोज जायचे. सकाळच्या बसने जायचे आणि दिवसभर त्या हॉलच्या बाहेर उभे राहायचे. आत सोडायला तुम्ही त्याचे कोण लागता, असं तिथे विचारायचे. पहिल्या दिवशी त्यांनी 'सेक्रेटरी' असं सांगितलं, तेव्हा तिथला शिपाई हसला म्हणे. त्या आठ दिवसांत साबिना काकूंकडे झोपायला यायची. रविवारी कोणाच्याच घरात मासे शिजले नाहीत.

आठव्या दिवशी मालद्याहून उत्तर आलं. कागद खरे होते. आजोबांच्या जमिनीचा उतारासुद्धा खरा होता. शफीकुल घरी आला. मी कामावरून येत होते आणि तो पार्किंगच्या नळावर पाय धूत होता. मी विचारलं, ठीक आहे ना सगळं? तो हो म्हणाला. एरवी माझ्याकडे बघून हलकं हसायचा, ते हसला नाही. आठ दिवस तो काय बघून आला हे त्याने कोणाला सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या कोणी खोदून विचारलंही नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सामान बांधलं. एक पत्र्याची पेटी, दोन गोधड्या, फरशी कापायचं मशीन. काका पेटी उचलायला पुढे झाले. शफीकुलने ती त्यांच्या हातातून काढून घेतली, अगदी नम्रपणे, आणि स्वतः उचलली. तेव्हा काकांनी खिशातून पेन काढलं आणि नवीन पत्ता विचारला. खोली सोडल्याचा फॉर्म असतो, त्यावर तो लिहावा लागतो.

"पता नहीं, चाचा," शफीकुल म्हणाला.

काका पेन उघडं धरून उभे होते. टेम्पो वळून आळंदी रोडला लागला तरी उभे होते.

महिन्याभराने सोसायटीची वार्षिक सभा झाली. त्यात भोसेकरांनी रामटेके काकांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. भाषणात म्हणाले की काकांनी कोणताही गाजावाजा न करता, कायद्याच्या मार्गाने, सोसायटीचा एक अवघड प्रश्न सोडवला. लोक टाळ्या वाजवायला लागले. म्हणजे या सगळ्यांना काका त्या माणसाला हुसकवायलाच घेऊन गेले होते असं वाटत होतं. आणि क्षणभर, अगदी क्षणभर, मलाही वाटून गेलं. बंगाली लई वाढले, काहीतरी केलं पाहिजे, हे त्यांचंच वाक्य ना? मी काकांकडे बघत होते. वाटत होतं, आता ते शाल काढून खुर्चीवर टाकतील. त्यांनी टाकली नाही. खांद्यावर नीट सारखी केली, माइकपाशी आले आणि एकच वाक्य बोलले.

"त्याचे कागद खरे होते."

लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना तो काकांचा विनय वाटला.

मला राग आला होता. कोणाचा, ते मात्र ठरत नव्हतं. सभा संपल्यावर मी जिन्यात काकांना गाठलं आणि सरळ विचारलं, की त्याला धरून ठेवतील हे तुम्हाला माहीत होतं का. ते एक पायरी खाली उभे होते, त्यामुळे आमचे डोळे एका रेषेत आले.

"तेहतीस वर्षं गेटवर होतो, ताई," ते म्हणाले. "पास खरा असला की माणूस आत जाते, एवढंच पाह्यलं. आत गेल्यावर त्याचं काय होते, ते पाहाचं माझं काम नव्हतं." मग म्हणाले, "मी त्याले घेऊन गेलो तेव्हा तो अर्ज आधीच साहेबाच्या टेबलावर होता. सह्या वाचल्या मी. तुमची सही बारकी असते. पण ओळखली."

त्यात राग नव्हता, निदान मला ऐकू आला नाही. मला माफी मागायची होती. पण त्यांची मागायची की शफीकुलची, आणि शफीकुलची मागायची तर ती काकांकडे कशी द्यायची, या गोंधळात मी नुसती उभी राहिले आणि ते घरी गेले. अर्ज नसता तर शिक्का मारून त्याला सोडलं असतं? काका घेऊनच गेले नसते तर नुसता अर्ज टेबलावर पडून राहिला असता? मी हे दोन प्रश्न रात्रंदिवस डोक्यात फिरवले आहेत. कधी माझी सही जड होते, कधी काकांचा इस्त्रीचा शर्ट. दोन्ही बरोबर तोलायला मला जमत नाही.

काका त्यानंतर सेक्रेटरी राहिले, पण नुसते नावाला. सामान घेऊन येणारी माणसं फाटकातून वरपर्यंत येऊ लागली आणि काका त्यांना अडवीनात. बाहेरच्या लोकांवरचं बोलणंही बंद झालं. चांगलं झालं म्हणावं, तर ते कोणाबद्दलच काही बोलत नसत. तळमजल्यावरची खोली रिकामीच होती. किल्ली काकांकडे असायची.

नागपूरला जायच्या आठवडाभर आधीची गोष्ट. शनिवारी सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. फाटकापाशी एक जोडपं आलं. नवरा पंचविशीचा, अंगावर रंगाचे डाग असलेली पँट. बायकोच्या कडेवर झोपलेलं मूल. वाकडच्या मालकांनी पाठवलंय, खोली बघायची आहे, असं तो हिंदीत सांगत होता. बोलण्याचा हेल ओळखीचा होता. ओडिशा असेल, झारखंड असेल, बंगाल असेल. त्याने पाठीवरच्या पिशवीतून फाइल काढली आणि दोन्ही हातांनी काकांपुढे धरली.

काकांनी फाइलला हात लावला नाही. हात जोडले आणि खोली नाही म्हणून सांगितलं. तो माणूस पुन्हा म्हणाला, कागद सगळे आहेत, बघून तरी घ्या. काकांनी मान हलवली. मग ते त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर गेले, कोपऱ्यापर्यंत गेले, आणि तिथे उभं राहून हाताने लांब कुठेतरी दाखवत बराच वेळ काही समजावत राहिले. माणूस मान डोलवत होता. काकांनी झोपलेल्या मुलाच्या डोक्यावरून घसरलेलं फडकं सारखं केलं. त्यांनी त्या लोकांना आमच्यापासून वाचवलं, की आमच्याचसारखं गोड बोलून वाटेला लावलं, हे मला वरून कळेना, आणि काकांना तरी कळत असेल का, याची मला शंका आहे. काकांना मी नीट पाहिलं ते हे शेवटचं. पाठमोरे, पांढरा शर्ट, एक हात हवेत.

खोली रिकामी आहे, हे त्या दोघांना सांगायला मला फक्त दोन जिने उतरायचे होते. मी ओला टॉवेल हातात धरून, ते कोपऱ्यावरून दिसेनासे होईपर्यंत उभी राहिले. उतरले नाही.